पुण्यात नवीन आलात? सिनेमा, पुस्तकं, गाणं आणि खाणं वेळेवर कसं गाठायचं

नोकरीला किंवा शिकायला बाहेरून पुण्यात आलं की पहिल्या महिन्यातच दहा जण दहा गोष्टी सांगतात. हे बघ, ते वाच, अमक्या ठिकाणची मिसळ खा, सवाईला (शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवाला) जाच. मी परभणीकडून आले तेव्हा माझ्याकडेही अशी भलीमोठी यादी जमली होती, पण त्यातली कुठली गोष्ट कधी धरायची हे कोणीच सांगत नाही, आणि इथं सगळा खेळ वेळेचाच आहे. मराठी सिनेमा आठवड्याभरात थिएटरातून उतरतो, मिसळ दुपारच्या आत संपते, दिवाळी अंक नोव्हेंबरनंतर दुकानात सापडत नाहीत आणि सवाई वर्षातून एकदाच येतं. म्हणून हा लेख. यात मला मनापासून आवडलेल्या गोष्टीच सांगितल्या आहेत, सोबत त्या गाठायच्या कशा तेही.

1. आधी एवढं जमवून ठेवा

- मेट्रो कार्ड. पेठांमध्ये, म्हणजे जुन्या पुण्यात, गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. वनाज-रामवाडी लाइनवर डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान, दुसऱ्या लाइनवर कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट, ही पाच स्टेशनं लक्षात ठेवली तरी या लेखातलं बरंचसं होतं
- बुकमायशो आणि नाटकांसाठी तिकिटालय, ही दोन ॲप
- आधार कार्डाची झेरॉक्स, भाडेकराराची कॉपी, दोन पासपोर्ट साइज फोटो. लायब्ररीच्या मेंबरशिपला आणि फेस्टिव्हलच्या रजिस्ट्रेशनला यातलं काही ना काही मागतातच
- कॉलेजात असाल तर चालू वर्षाचं आयकार्ड, सवलत असेल तर त्यावरच मिळते
- थोडे सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे आहे, पण सिंहगडावर रेंज जाते
- एक शाल आणि एक छोटी उशी, का ते पुढे येईल

2. मराठी सिनेमा पहिल्या वीकेंडला बघा

शुक्रवारी सिनेमा लागतो. शनिवार-रविवारी गर्दी झाली तर सोमवारी शो टिकतात, नाही झाली तर मंगळवारपर्यंत दुपारी साडेबाराचा एखादा शो उरतो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि ऑफिस असणाऱ्या माणसाला तो बघणं शक्यच नसतं. त्यामुळे 'ओटीटीवर येईल तेव्हा बघू' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, काही सिनेमे तिथं वर्ष वर्ष येत नाहीत. मी दर गुरुवारी संध्याकाळी ॲप उघडून पुढच्या आठवड्याचे शो बघते, वीकेंडचं टाइमिंग साधारण तेव्हाच पडतं. कोथरूडच्या सिटीप्राईडला मराठी सिनेमे जास्त आणि बऱ्या वेळेला लागतात, आणि तिथला प्रेक्षक सिनेमा मनापासून बघतो, हसायच्या जागी हसतो, त्यानं फार फरक पडतो.

आता काय बघायचं. मराठी सिनेमाची सवय अजिबात नसेल तर सुरुवात परेश मोकाशींच्या 'वाळवी'पासून करा (2023). छोटा आहे, वेगवान आहे, शेवटपर्यंत काय होणार कळत नाही, आणि कोणाबरोबरही बघता येतो. त्याबद्दल आधी काही वाचू मात्र नका, ट्रेलरसुद्धा नको. त्यानंतर 'आत्मपॅम्फ्लेट', आशिष बेंडेंचा, तोही 2023 चाच. शाळेतल्या एका मुलाच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट आहे पण तिच्या आजूबाजूनं ऐंशी-नव्वदच्या दशकातला अख्खा महाराष्ट्र जातो, जात, दंगली, सगळं, आणि तरी सिनेमा कुठे जड होत नाही.

'दशावतार' (2025) दिलीप प्रभावळकरांसाठी बघा. या वयात हा माणूस कोकणातल्या म्हाताऱ्या दशावतारी कलाकाराचं काम असं करतो की बाकीच्या गोष्टीत जे थोडं कमीजास्त आहे ते आपण सोडून देतो. मोठ्या पडद्यावर पुन्हा कुठे लागला तर सोडू नका.

आणि मग, घाई नसलेल्या एखाद्या संध्याकाळी, रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. 2025 च्या सनडान्सला, अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवात, वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक यालाच मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, आणि गावात राहिलेला त्याचा लहानपणचा मित्र, त्या दोघांचं प्रेम. सुतकात काय खायचं, कुठे बसायचं, पायात काय घालायचं नाही, नातेवाईक लग्नाचं विचारतात तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे सगळं इतकं आपल्या घरातलं आहे की मला मध्येच आमच्या गावच्या ओसरीचा वास आल्यासारखं झालं. हा फोन हातात घेऊन बघायचा सिनेमा नाही.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' तसा जुना (2014) पण अजून बघितला नसेल तर बघाच. त्यातली सरकारी वकील दिवसभर एका लोकशाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून भांडते आणि संध्याकाळी लोकलनं घरी जाऊन पोळ्याभाजीला लागते, कॅमेरा शांतपणे तिच्यामागे जातो, आणि आपल्याला तिचा राग पण येतो आणि ती ओळखीची पण वाटते. सिनेमा संथ आहे, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत उठणार नाही.

लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (1964 पासूनचं) माहीत करून घ्या, तिथं जुने आणि बाहेरचे सिनेमे दाखवतात, बऱ्याचदा फुकट. वर्षाच्या सुरुवातीला 'पिफ', म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, त्यात मराठी सिनेमांची वेगळी स्पर्धा असते आणि थिएटरात न लागलेले सिनेमेही तिथं सापडतात. रजिस्ट्रेशन आधी करावं लागतं, तारखा डिसेंबरपासून बघत राहा. पास मिळाला म्हणजे सीट मिळालीच असं नाही, चर्चेतल्या सिनेमाला बरंच आधी रांगेत लागा.

3. नाटकाचं तिकीट

हे थोडक्यात. शनिवार-रविवारचे प्रयोग बहुतेक दुपारी 12.30, संध्याकाळी 5.30 आणि रात्री 9.30 ला असतात. बालगंधर्व रंगमंदिर (संभाजी उद्यान स्टेशनवरून चालत) आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह ही मोठी दोन. जाहिराती अजूनही पेपरात येतात, त्या बघायची सवय लावा. प्रायोगिक बघायचं असेल तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, छोटी जागा आहे, नट हाताच्या अंतरावर असतात. बालगंधर्वला मध्यंतरात बटाटेवडा खायचाच, पण घंटा झाली की लगेच आत या, उशिरा येणाऱ्यांचा पुढच्यामागच्या सगळ्यांना त्रास होतो.

4. पुस्तकं: जाड पुस्तकापासून सुरुवात करू नका

इथं नवीन माणूस हमखास फसतो. कोणीतरी सांगतं की मराठी वाचायचं तर अमकी पाचशे पानांची कादंबरी वाचलीच पाहिजे, आपण ती आणतो, साठ पानांवर खूण घालतो आणि पुढची दोन वर्षं काहीच वाचत नाही. तुमचं शिक्षण इंग्रजीत झालं असेल आणि मराठी वाचायचा वेग कमी असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. 1955 ची आहे, पातळ आहे, दोन संध्याकाळी संपते. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा घ्यायला जातो, तिथं कोणी ओळखीचं नाही, शाळेत पोरं नाहीत. नवीन गावात एकटं आलेल्या कोणालाही हे पुस्तक जवळचं वाटेल.

अलीकडचं हवं असेल तर कृष्णात खोत यांचं 'रिंगाण', याला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठवलेलं गाव, आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस आणायला परत गेलेली माणसं. माणूस आणि म्हैस यांच्यातलं ते एकमेकांना जोखणं इतकं जवळून लिहिलंय की वाचताना आपणच दबा धरून बसलोय असं वाटतं. भाषा कोल्हापूरकडची आहे, पहिली काही पानं अडखळायला होईल, तेव्हा मोठ्यानं वाचा. मी तसंच वाचलं, कानाला सवय झाली की पुस्तक आपोआप पुढे सरकतं. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या माणसालाही त्यातले बरेच शब्द पहिल्यांदाच भेटतात, त्यामुळे अडलं तर आपलं मराठी कच्चं आहे असं समजू नका.

नंदा खरे यांचं 'उद्या' तिसऱ्या नंबरला ठेवा. उद्याच्या भारतात माणसांवर सतत नजर असेल तर काय होईल, त्याची कादंबरी आहे, आणि आयटीत काम करणाऱ्यांना तर ती फारच लागेल. साहित्य अकादमी जाहीर झाली तेव्हा त्यांनी ती नाकारली होती, कारण पुरस्कार घेणं त्यांनी आधीच थांबवलं होतं.

आता कुठे आणि कधी. अप्पा बळवंत चौकात जा पण जून-जुलैमध्ये नको, तेव्हा शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची इतकी गर्दी असते की कथा-कादंबऱ्या दाखवायला कोणाला वेळ नसतो. एरवी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर काउंटरवरचा माणूस निवांत बोलतो. त्याला 'काहीतरी चांगलं द्या' म्हणू नका, शेवटचं आवडलेलं पुस्तक सांगा, त्यावरून तो बरोबर तीनचार काढून देतो. बाजीराव रोडवरच्या अक्षरधारामध्ये उभं राहून चाळायला मुभा आहे. डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथं छोट्या प्रकाशकांचे स्टॉल आधी बघा, मोठ्यांची पुस्तकं वर्षभर मिळतातच. वीकेंडला तिथं चालायला जागा नसते, वर्किंग डेला दुपारी जमत असेल तर तेव्हा जा.

दिवाळी अंक हा पुण्यात (आणि मुंबईतही) वेगळाच आनंद आहे. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. नवीन वाचकासाठी याच्याइतकं सोपं दार नाही, कारण एकाच अंकात कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं सगळं असतं आणि कुठला लेखक आपला ते कळतं. 'मौज', 'अक्षर', 'साधना' यातला एक विकत घ्या, बाकीचे लायब्ररीतून. बऱ्याच लायब्रऱ्या दिवाळीत ठरावीक फी घेऊन दोनतीन महिने भरपूर अंक वाचायला देतात, ती योजना आठवड्याभरात भरते म्हणून दसऱ्यालाच चौकशी करून ठेवा. पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालचं आहे, तिथल्या कपाटांमधून नुसतं फिरलात तरी तास जातो. घरमालक भाडेकरार करून देत नसेल तर पत्त्याच्या पुराव्यावरून मेंबरशिप अडते, त्यासाठी ऑफिसचं किंवा हॉस्टेलचं पत्र चालतं का ते आधी विचारा.

5. गाणं: सवाईची तयारी नोव्हेंबरपासून

शास्त्रीय गाणं आपल्याला कळत नाही म्हणून सवाईला न जाणारे खूप आहेत. जा. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला, आता सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव म्हणतात, डिसेंबरात मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. स्वारगेट स्टेशनवरून रिक्षा करा.

तिकिटात दोन मोठे प्रकार, खुर्ची आणि भारतीय बैठक. पहिल्यांदा जाताय तर भारतीय बैठकच घ्या, स्वस्त पडते आणि खरी मजा तिथंच आहे. सतरंजीवर चारपाच तास बसायचं असतं म्हणून ती उशी, आणि मंडप असला तरी रात्री आठनंतर डिसेंबरातली थंडी जमिनीतून वर येते म्हणून ती शाल. सीझन तिकीट घेतलं तर पाचही दिवस जाता येतं, पण नवीन माणसानं एकाच दिवसाचं घ्यावं असं माझं मत आहे, शनिवारचं मिळालं तर उत्तम, त्या दिवशी कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतो. पुढची जागा हवी तर दार उघडायच्या आधी पोचा.

जाण्याआधी घरी थोडं ऐका. एकदम तासाभराचा ख्याल (सावकाश फुलत जाणारं रागाचं गायन) लावू नका. 'कट्यार काळजात घुसली' या 2015 च्या सिनेमातली गाणी ऐका, मग भीमसेनजींचे अभंग, मग त्यांचाच एखादा ख्याल. राहुल देशपांडे यूट्यूबवर जुन्या मराठी गाण्यांपासून बंदिशींपर्यंत बरंच काही गातात, 'मी वसंतराव' या सिनेमातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, त्यांचा आवाज नवीन कानाला लगेच धरतो. अभंगच पण गिटार-ड्रम्सबरोबर हवे असतील तर 'अभंग रिपोस्ट' नावाचा बँड आहे, मला फार आवडतो, वारीत न गेलेल्या मुलांना तुकोबा ऐकायला लावतात ते. आणि संजू राठोडचं 'गुलाबी साडी' तुम्ही लग्नात ऐकलंच असेल, त्यालाही नावं ठेवायचं काही कारण नाही, गाण्याची गोडी कुठूनही लागू दे.

मंडपात गेल्यावर काय करायचं? सुरुवातीला तानपुरे लागतात त्याला पाच-दहा मिनिटं जातात, तेव्हा बोलू नका, नुसतं ऐका, दोन्ही तानपुऱ्यांचे सूर एकमेकांत मिसळतात तो क्षण ऐकू येतो. मग गायक हळूहळू राग उलगडतो, लय संथ असते, इथंच नवीन माणूस कंटाळून चहाला उठतो आणि नेमकं पुढचं चुकतं. तेवढं थांबा. तबल्याकडे लक्ष द्या, तालाचं एक चक्र, म्हणजे आवर्तन, संपून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) गायक आणि तबला एकत्र येतात तेव्हा आजूबाजूचे सगळे एकदम मान हलवतात. दोनतीनदा ते बघितलं की चौथ्यांदा तुमचीही मान आपोआप हलते, कोणी शिकवावं लागत नाही. उठायचं असेल तर एक गायन संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वेळात उठा. खाण्याचे स्टॉल आवारातच असतात, साबुदाणा खिचडी, वडा, कॉफी, तेही त्याच मधल्या वेळात.

शेवटच्या दिवशी सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीचं जुनं रेकॉर्डिंग लावतात. लोक घरी निघायच्या घाईत असतात, तुम्ही थांबा.

6. खाणं

मिसळ सकाळची गोष्ट आहे. नारायण पेठेत बेडेकरांकडे नऊच्या आसपास जा, रविवारी रांग लागते. मराठवाड्या-खानदेशाकडून आलेल्यांना तिचा रस्सा गोडसर लागेल, मलाही पहिल्या घासाला तसंच वाटलं, पण वरून तिखट मागत बसू नका, आधी अर्धी तशीच खाऊन बघा, पोहे, बटाट्याची भाजी, शेव आणि तो रस्सा यांचा जमलेला मेळ तेव्हाच कळतो. सोबत ब्रेडचे स्लाइस येतात. झणझणीत हवी असेल तर काटाकिर्र नावाचं मिसळीचं हॉटेल, तिथं तिखटाचे प्रकार विचारून घ्या. तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन मात्र मंडई स्टेशनवरून चालत जाऊन, खरेदीच्या आधी.

लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाऊस 1935 मध्ये नानासाहेब सरपोतदारांनी सुरू केलं, ते मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक. तिथं थालीपीठ आणि साबुदाणा वडा. डेक्कनचं गुडलक कॅफेही 1935 चंच, बनमस्का आणि चहा, सकाळी लवकर गेलात तर टेबल मिळतं, नऊनंतर उभं राहावं लागतं. कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं घरी न्यायची असतील तर सुट्टीला गावी निघायच्या दिवशी दुपारी जाऊ नका, दुकान दुपारी बंद असतं, आदल्या दिवशी सकाळीच आणून ठेवा.

सिंहगडावरची पिठलं-भाकरी खायला आठवड्यातल्या मधल्या दिवशी सुट्टी काढा. रविवारी अर्धा दिवस घाटातल्या ट्रॅफिकमध्ये जातो. पावसाळ्यात दरड पडली की गाडीरस्ता बंद ठेवतात, निघण्याआधी चौकशी करा. पायथ्यापासून चालत चढलात तर वर पोचल्यावरची ती गरम भाकरी, पिठलं, ठेचा आणि कच्चा कांदा यांची चव गाडीनं आलेल्याला मिळत नाही. वरच्या मावश्या चुलीवर तुमच्यासमोर भाकरी थापतात. भाकरी फुगून तव्यावरून थेट ताटात येते, तेव्हा फोटो नंतर काढा, लगेच खा. मडक्यातलं दही दोन घ्या, एक जेवणाआधी आणि एक नंतर. भाव आधी विचारून घ्या आणि कचरा खाली घेऊन या.

हुरडा डिसेंबर-जानेवारीतच. पुण्याच्या आसपासच्या शेतांवर आगाऊ बुकिंग करून जावं लागतं, पैसे भरण्याआधी हुरडा ज्वारीचा ताजा आहे का आणि आगटी (कणसं भाजायची शेकोटी) तिथंच पेटवतात का एवढं विचारा, कारण काही ठिकाणी झोपाळे, बैलगाडी आणि जेवणच जास्त असतं आणि हुरडा नावाला वाटीभर मिळतो. आणि मस्तानी, म्हणजे वर आइस्क्रीम घातलेलं घट्ट मिल्कशेक, उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, आंब्याची, सुजाता नावाच्या दुकानात. ताज्या आंब्याचीच आहे ना एवढं विचारून घ्या, आणि जेवण करून गेलात तर दोघांत एक पुरते.